समुद्र नेमका किती मीटरवर? झिरो माईलपासून कोकणातल्या प्लॉटपर्यंत

लेव्हलवाला | सोमवार, रात्री ९.१०

किनाऱ्यावर जागा घ्यावी का, श्रीवर्धन-अलिबाग बुडणार का, असे प्रश्न इथे महिन्याआड येतात. दर वेळी कोणीतरी किनारा बुडालेला दाखवणारा तोच लाल नकाशा डकवतो, मग दोन पानं भीती आणि दोन पानं 'काही होत नाही हो'. ते सोडून बाकीचं इथे बोलू. उंची मोजायची कशी, कुठल्या शून्यापासून, आणि पाणी आधी शिरतं कुठून.

सुरुवात आपल्याच गावातून. नागपूरच्या झिरो माईल खांबाच्या माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट नोंदलेली आहे, म्हणजे ३११ मीटरला थोडी कमी. नागपुरातून कुठल्याही दिशेला गेलात तरी समुद्र पाचशे किलोमीटरच्या पलीकडे, आणि आकडा मात्र फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत. अशा उंच्या किनाऱ्यावरच्या भरतीमापकांपासून दुर्बीण आणि स्टाफ (उभी मोजपट्टी) घेऊन टप्प्याटप्प्याने आत आणल्या गेल्या. १९०९ साली देशभरची ही जाळी एकत्र जुळवली तेव्हा मुंबई, कारवार, मद्रास, विशाखापट्टणम अशा नऊ ठिकाणची सरासरी पातळी शून्य धरली. भारतात जुन्या बेंचमार्कवर (उंची नोंदलेल्या पक्क्या खुणेवर) जी 'समुद्रसपाटी' लिहिलेली असते ती ही.

गोम अशी की ते शून्य जागेवर राहिलं आणि समुद्र वर सरकला. मुंबईत अपोलो बंदरला १८७८ पासून नोंदी आहेत. त्यांचा दीर्घ काळाचा वेग वर्षाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास निघतो, म्हणजे शतकात सात-आठ सेंटिमीटर. अलीकडचा वेग जास्त आहे. जगाची सरासरी २००६ ते २०१८ मध्ये वर्षाला ३.७ मिलिमीटर होती, उत्तर हिंदी महासागराची १९९३ नंतरची ३.३ च्या आसपास. जागेच्या कागदावर 'समुद्रसपाटीपासून २ मीटर' लिहिलं असेल, तर आजच्या समुद्रापासून ती दोन मीटर नाही.

बर्डीवाला | सोमवार, रात्री ९.३८

मग मुंबई मनपा दर पावसाळ्यात '४.८ मीटरची भरती' म्हणते त्याचं काय? कुलाब्यात जमीन तीन-चार मीटरवर, तरी कुलाबा दर महिन्याला बुडत नाही.

भरतीओहोटी | सोमवार, रात्री १०.०५

कारण ते शून्यच वेगळं. भरतीच्या तक्त्यातली उंची 'चार्ट डेटम'पासून असते. जहाज तळाला लागू नये म्हणून नाविकांनी ओहोटीच्या जवळपास सगळ्यात खालच्या पातळीला शून्य धरलं. मुंबईत सरासरी समुद्रपातळी या शून्याच्या सुमारे २.५ मीटर वर आहे. ४.८ मधून २.५ काढा, उरले २.३. कागदावर जमीन ३ मीटर असेल तर शांत हवेत पाणी ७० सेंटिमीटर खाली थांबेल.

आता या ७० मधून वजाबाकी करत जा. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण १ सेंटिमीटर चढतं, म्हणजे २० हेक्टोपास्कलची घट असलेलं वादळ २० सेंटिमीटर खाऊन टाकतं. त्यावर वाऱ्याने किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी. त्यावर लाटांची चढण. उथळ, रुंद उतार असलेल्या किनाऱ्यावर लोटलेलं पाणी सगळ्यात जास्त चढतं. २०५० पर्यंतची जागतिक वाढ १९९५ ते २०१४ च्या सरासरीवर २० सेंटिमीटरच्या आसपास धरली जाते, शतकाअखेर उत्सर्जनानुसार २८ सेंटिमीटरपासून १ मीटरपर्यंत. २० सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण ते ३११ मीटरमधून जात नाहीत, या ७० मधून जातात.

तिसरं शून्य मोबाईलचं. अँड्रॉइड फोनचा जीपीएस जी कच्ची उंची देतो ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून. भारताच्या भागात खरी समुद्रपातळी त्या लंबगोलाच्या बरीच खाली आहे, मुंबईजवळ साठ मीटरहून जास्त, श्रीलंकेच्या दक्षिणेला शंभराच्या वर. त्यामुळे चौपाटीवर उभं राहून काही अ‍ॅप उणे साठ मीटर दाखवतात. तुम्ही बुडालेले नसता. अ‍ॅपने दुरुस्ती केलेली नसते.

सावजी_रस्सा | सोमवार, रात्री १०.११

उणे साठ बघून एकजण ब्रोकरशी भांडून येईल बाप्पा.

वाचतोय. धागा खूण करून ठेवला.

लेव्हलवाला | सोमवार, रात्री १०.४०

मुंबईच्या जुन्या नकाशांवर आणखी एक शून्य सापडेल, टाउन हॉल डेटम. त्यात साध्या रस्त्याची पातळीही वीस-तीस मीटर दिसते. ड्रॉइंगवर डेटम लिहिलेला नसेल तर आकडा वापरू नका, बस.

आता लाल नकाशा. २०१९ साली गाजलेल्या संशोधनात उपग्रही उंचीच्या चुका सुधारून पुन्हा हिशेब केला होता आणि त्यात मुंबईचा मोठा भाग लाल झाला. संशोधनात खोट नाही, वाचणाऱ्यांची गडबड होते. लाल म्हणजे 'कायमचं पाण्याखाली' नव्हे. वर्षातून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीखाली जमीन, असा त्याचा अर्थ. आणि मध्ये बांध, भिंत, रस्त्याचा भराव असेल तर तो धरलेला नसतो.

फुकट मिळणाऱ्या उंचीच्या डेटात त्याहून मोठी अडचण आहे. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून घेतलेल्या रडार मोजणीत एक चौकट ३० मीटरची, उंची पूर्ण मीटरमध्ये, आणि रडारला जमीन नाही तर माडाचे शेंडे, कांदळवनाचा माथा, घरांची छपरं दिसलेली. वाडीतली जमीन प्रत्यक्ष २ मीटरवर असताना नकाशात ६ येते. अशा डेटावर 'अर्धा मीटर वाढ' रंगवणं म्हणजे गजाच्या पट्टीने सोनं मोजणं. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचा कार्टोसॅट उपग्रहाचा डेटा गाव कुठल्या उतारावर आहे हे समजायला चांगला, प्लॉटसाठी तोही नाही.

बर्डीवाला | मंगळवार, सकाळी ७.५०

मग प्लॉटची उंची काढायची कशी? मला एका गुंठ्याचं उत्तर पाहिजे.

लेव्हलवाला | मंगळवार, सकाळी ९.२०

दोन रस्ते. पैसे असतील तर सर्व्हेयरकडून सर्वे ऑफ इंडियाच्या कायम स्थानकांना जोडलेल्या आरटीके रिसीव्हरने (सेंटिमीटरपर्यंत नेमक्या जीपीएसने) मोजून घ्या. अहवालात 'कुठल्या जिऑइड मॉडेलने (लंबगोल आणि समुद्रपातळीतला फरक देणाऱ्या तक्त्याने) समुद्रपातळीवर आणलं' ही ओळ असलीच पाहिजे. ती नसली तर अहवाल फोनच्या जीपीएसइतकाच.

दुसरा रस्ता ऑटो लेव्हल, म्हणजे तिवईवरची आडवी दुर्बीण. जवळचा बेंचमार्क शोधायचा, तिथून प्लॉटपर्यंत लेव्हल आणायची आणि परत बेंचमार्कवर बंद करायची. फेरी बंद न करता दिलेला आकडा घेऊ नका. मान्य चूक किलोमीटरच्या वर्गमुळाला १२ मिलिमीटर, म्हणजे जाऊन-येऊन चार किलोमीटरला २४ मिलिमीटर. मागची आणि पुढची नजर सारख्या अंतरावर ठेवली की दुर्बिणीचा कल आपोआप कटतो. कोकणात फसतं ते वाळूत. टर्निंग पॉइंटला (दुर्बीण पुढे हलवताना स्टाफ ठेवतात तिथे) खाली लोखंडी प्लेट नसेल तर मागच्या आणि पुढच्या वाचनामध्ये स्टाफ चार-पाच मिलिमीटर रुततो, आणि प्रत्येक मुक्कामाला एकाच दिशेने रुततो. म्हणून ही चूक एकमेकींत कटत नाही, साचत जाते.

बेंचमार्क जवळ नसेल तर समुद्रच वापरा. पावसाळा सोडून, वारा पडलेल्या दिवशी जेट्टीवर भरती थांबते त्या क्षणी पाण्याची रेघ मारायची. जवळच्या बंदराच्या तक्त्यातली त्या भरतीची उंची त्या रेघेला द्यायची आणि तिथून प्लॉटवर लेव्हल न्यायची. दहा-वीस सेंटिमीटरची चूक धरा. खाडीच्या आत तीन-चार किलोमीटरवर हे करू नका, तिथे भरती उशिरा येते आणि उंचीही बदलते.

नागनदी | मंगळवार, दुपारी १.१५

उंचीवर एवढं बोलणं झालं, पण पाणी बहुतेक वेळा समोरून येतच नाही. मागच्या नाल्यातून येतं.

२३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, पण पाऊस थांबल्यावर ते पुढे वाहून गेलं. आपल्याकडे पुढे उतार आहे. किनाऱ्यावर नाल्याचं तोंड भरतीत बंद होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस आणि त्याच दिवशी ४.४८ मीटरची भरती. मुंबईत म्हणून नाल्यांच्या तोंडाशी दरवाजे आणि पंप लागतात. गावात ते नसतात, असते रस्त्याखालची एक मोरी. तेव्हा प्लॉट बघताना समुद्राकडे पाठ करा आणि मोरीचा तळ किती उंचीवर आहे ते मोजा. तळ उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या) पातळीखाली असेल तर जोरदार पाऊस आणि भरती एकत्र आले की पाणी तुमच्या अंगणात थांबणार, समुद्र एक इंचही न चढता.

खारपाणपट्टा | मंगळवार, दुपारी ३.३०

नागनदींचंच पुढे नेतो, कारण खारभूमीत (बांध घालून खाडीतून मिळवलेल्या जमिनीत) हा हिशेब रोजचा आहे. रायगडात खाडीकाठची भातशेती भरतीच्या पातळीखाली आहे. बाहेर मातीचा बांध आणि बांधात उघाडी. उघाडीला वरून टांगलेली झडप असते. भरतीत बाहेरचं पाणी तिला दाबून बंद करतं, ओहोटीत आतलं पाणी ढकलून उघडतं. मोटर नाही, माणूस नाही.

आता आकडे घाला. सरासरी पातळीच्या वर-खाली दीड मीटर भरती-ओहोटी आणि शेतातलं पाणी सरासरीच्या अर्धा मीटर वर, असं धरलं तर झडप दिवसातले साधारण साडेचौदा तास उघडी राहू शकते. समुद्र ३० सेंटिमीटर चढला की तेरा तास. नुसते दीड तास गेले असं वाटेल, पण उघडी असतानाही आतल्या-बाहेरच्या पातळीतला फरक कमी झालेला असतो, म्हणून पाणी हळू जातं. त्यात उंबऱ्याच्या बाहेर गाळ साचलेला असतो. भात पाण्यात बसतं ते इथे, बांधावरून लाट येण्याच्या कितीतरी आधी.

बांध फुटतो कसा तेही बघा. लाट समोरून आपटते म्हणून दगडी पिचिंग (अस्तर) समुद्राच्या बाजूला करतात. पण पाणी माथ्यावरून गेलं की आतला उतार खरवडतं, आणि तिथे पिचिंग नसतं. दुसरं कारण खेकड्यांची बिळं. त्यातून आधी ओल, मग गढूळ धार, मग खांड, म्हणजे भगदाड. धार स्वच्छ असेल तोवर वेळ आहे, गढूळ झाली की माती निघायला लागली. खांड बांधायची तर भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत, सप्तमी-अष्टमीला. उधाणाच्या दिवशी टाकलेली माती संध्याकाळपर्यंत खाडीत.

एकदा खारं पाणी आलं की जमीन पावसाने धुवायची. जूनचं पाणी शेतात कोंडायचं, ओहोटीत उघाडीतून सोडायचं, पुन्हा कोंडायचं. संपृक्त मातीच्या अर्काची विद्युतवाहकता ३ डेसीसिमेन्सच्या वर गेली की साध्या भाताचं उत्पन्न घसरायला लागतं, पुढच्या प्रत्येक डेसीसिमेन्सला अंदाजे १२ टक्के. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल-१, २, ३ या जाती जास्त सोसतात. पण रोप कुठलंही असो, लावणीच्या वेळी ते सगळ्यात नाजूक असतं, म्हणून धुणं लावणीच्या आधी संपलं पाहिजे.

सावजी_रस्सा | मंगळवार, दुपारी ४.०२

काहून भाऊ, आपल्या अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात पण हेच करतात ना?

खारपाणपट्टा | मंगळवार, दुपारी ४.४०

नाही, आणि हा घोळ विदर्भातले लोक हमखास करतात. पूर्णेच्या खोऱ्यातला खारेपणा आजच्या समुद्रातून येत नाही. तिथे काळ्या चिकणमातीला सोडियम चिकटलेलं असतं, माती फुगते, पाणी झिरपत नाही. तिला नुसत्या पाण्याने धुवायला गेलात तर आणखी घट्ट होते. आधी जिप्सम घालून सोडियम सुटं करावं लागतं. किनाऱ्यावर बहुतांशी साधं मीठ, ते पावसाने निघतं. मातीच्या अहवालात वाहकतेबरोबर सामू (पीएच) आणि विनिमयक्षम सोडियमची टक्केवारी बघा, म्हणजे कुठला प्रकार ते कळेल. नागपुरात अमरावती रोडवरच्या मृदा सर्वेक्षण ब्यूरोचे राज्याचे नकाशे १:२,५०,००० प्रमाणात आहेत. पट्टा कळतो, तुमचा बांध नाही.

भरतीओहोटी | मंगळवार, रात्री ८.२५

विहिरीबद्दल कोणीच लिहिलं नाही. माझ्या मते घर सोडायला लावणारी पहिली गोष्ट तीच.

गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगतं. सच्छिद्र वाळूत गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या १ मीटर वर असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं मिळतं. उपशाने ती अर्धा मीटर उतरली की खालून २० मीटर खारं वर येतं. कोकणात जांभा आणि काळा पाषाण असल्यामुळे हे गणित इतकं सरळ चालत नाही. एक भेग समुद्राकडे उघडी असली तर तिच्यातून खारं थेट येतं आणि शेजारची विहीर गोडीच राहते. म्हणूनच 'पाणी कमी पडलं, बोअर अजून खोल मारू' हा उपाय किनाऱ्यावर उलटा पडतो. उथळ विहीर, अर्ध्या अश्वशक्तीचा पंप, थोडा थोडा वेळ चालवायचा. एकदम उपसलं की खालचं खारं शंकूसारखं वर ओढलं जातं आणि पंप बंद केल्यावर लगेच खाली जात नाही.

तपासणी मे महिन्यात करा. वाहकतामापक १४१३ मायक्रोसिमेन्सच्या प्रमाण द्रावणावर जुळवून घ्या, मग विहिरीचा वरचा थर आणि तळ वेगवेगळा मोजा. एकदा उधाणाच्या भरतीत, एकदा त्याच दिवशीच्या ओहोटीत. दोन्हींत बराच फरक पडला तर विहिरीचा समुद्राशी रस्ता आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरला १९,००० मिलिग्रॅमच्या आसपास क्लोराइड असतं. विहिरीत २ टक्के समुद्र मिसळला तरी ३८० होतं, पिण्याच्या पाण्याची स्वीकार्य मर्यादा २५०. ५ टक्क्यांना ९५०, आणि दुसरा स्रोत नसेल तेव्हाची कमाल मर्यादा १०००. शंभर बादल्यांत पाच बादल्या, तेवढ्यात विहीर संपली.

लक्षद्वीपला हेच चित्र आणखी अरुंद आहे. जमीन एक-दोन मीटर उंच, खाली प्रवाळाची वाळू, गोड्या पाण्याचा पातळ थर. कवरत्तीला २००५ साली दिवसाला एक लाख लिटरचा निःक्षारीकरण प्रकल्प बसवला तो काही हौस म्हणून नाही. खोल समुद्राचं थंड पाणी वर आणायचं, पृष्ठभागावरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ करायचं, थंड पाण्याने ती वाफ निववायची. बंगारम भागातलं परळी-१ हे निर्मनुष्य बेट तर झिजून नाहीसंच झालं.

गिट्टीखदान | मंगळवार, रात्री ९.५०

बेटांबद्दल एक उलटी नोंद हवी. तुवालूत १९७१ ते २०१४ मध्ये समुद्र चढत असताना एकूण जमीन २.९ टक्के वाढली, कारण लाटा प्रवाळाचा चुरा बेटावर आणून टाकतात. बेटं सरकतात, आकार बदलतात. पण बेट सरकलं तरी त्यावरचं घर, धावपट्टी, विहीर सरकत नाही, आणि प्रवाळ मेला की चुराही आटतो. तुवालूने २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी करार केला, वर्षाला २८० जणांना तिकडे राहायला जाण्याची सोय. 'बेट वाढलं' आणि 'माणसं निघाली' दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

आता कोकणातला सगळ्यांचा आवडता उपाय, धूपप्रतिबंधक बंधारा. दगड किती मोठा हे लाटेवर ठरतं, आणि वजन लाटेच्या उंचीच्या घनात वाढतं. लाट दुप्पट, दगड आठपट. पायथ्याशी पाणी खोल झालं की मोडण्याआधी लाट मोठी राहते, म्हणून समुद्र थोडा चढला तरी कालचा दगड आज हलका ठरतो. पडतो मात्र बंधारा तीन जागी. एक, पायथा: आपटून परतणारी लाट पायाखालची वाळू काढते आणि अख्खा उतार खाली घसरतो. पायथा वाळूच्या सगळ्यात खालच्या हंगामी पातळीखाली न्यावा लागतो, आणि ती पातळी पावसाळ्याअखेर बघायची, फेब्रुवारीत नाही. दोन, गाळणीचा थर: दगडाखाली जिओटेक्स्टाइल (गाळणीचं कापड) किंवा बारीक खडीचा थर नसेल तर मागची माती फटींतून धुपून जाते, वर रस्ता शाबूत दिसतो आणि एक दिवस खचतो. तीन, टोक: बंधारा जिथे संपतो तिथे शेजारच्याची वाळू जाते. तुमचा प्लॉट नव्या बंधाऱ्याच्या टोकाला असेल तर ती सगळ्यात वाईट जागा.

बर्डीवाला | बुधवार, सकाळी ८.३०

आणि कागदपत्रं? सातबारा कोरा आहे, ब्रोकर म्हणतो सीआरझेडचा (किनारा नियमन क्षेत्राचा) काही त्रास नाही.

नागनदी | बुधवार, सकाळी १०.१०

सातबाऱ्यावर भरतीरेषा नसते, त्यामुळे कोरा सातबारा काहीच सिद्ध करत नाही. किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याची १:२५,००० ची शीट आणि गट नंबर दाखवणारा १:४,००० चा नकाशा, दोन्ही बघा. २०१९ च्या अधिसूचनेनुसार समुद्रकिनाऱ्याला उच्चतम भरतीरेषेपासून ५०० मीटर सीआरझेडमध्ये येतात. दाट वस्तीच्या ग्रामीण भागात, म्हणजे २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोक असतील तिथे, पहिले ५० मीटर बांधकामाला बंद. विरळ वस्तीत २०० मीटर. खाडीला ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं कमी ते. दाट वस्ती म्हणून ५० मीटरची सवलत मिळाली, तरी समुद्राला ते अंतर सारखंच.

त्याच नकाशांत 'धोका रेषा' असते, पातळीवाढ आणि किनाऱ्याची झीज धरून आखलेली. बांधकाम परवानगीला ती आडवी येत नाही, आपत्ती नियोजनासाठी ठेवली आहे. त्यामुळे ब्रोकर ती दाखवत नाही आणि कार्यालयही विचारल्याशिवाय दाखवत नाही. परवानगी मिळते म्हणजे जागा सुरक्षित, असं धरू नका. मी असतो तर धोका रेषेच्या आतला प्लॉट फुकट मिळाला तरी घेतला नसता.

बर्डीवाला | बुधवार, सकाळी १०.३२

समजलं. एकदा जाऊन बघायचं तर कधी जाऊ?

भरतीओहोटी | बुधवार, दुपारी १२.२०

विहिरीसाठी मे, अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे दोन दिवस. नाला आणि मोरीसाठी जुलै-ऑगस्टमधलं उधाण. मुंबई-रायगड पट्ट्यात उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री बारा-एकच्या सुमारास येते. पावसाळ्यात दोघींतली मोठी दुपारची असते, हिवाळ्यात मध्यरात्रीची. डिसेंबरात दुपारी प्लॉट दाखवायला नेलं तर तुम्हाला लहान भरतीच दिसणार. तेव्हा तक्त्यात त्या दिवशीच्या दोन्ही उंच्या बघून जा, आणि मोरीपाशी अर्धा तास आधीच उभे राहा.